दोन्हीवर चालणारी गाडी

आमच्या घरात आधी धूर होता, मग बाकी सगळं. बाबा तिरोडीच्या मँगनीज खाणीत दगड फोडायचे आणि माय चुलीपुढे बसायची. पावसाळ्यात लाकडं ओली, फुंकून फुंकून तिचा चेहरा सुजायचा. खोली एकच, म्हणून माझा अभ्यासही त्याच धुरात. शाळेत माझी पुस्तकं हरवली तर वासावरून सापडायची. परीक्षेच्या हॉलमध्ये डोळे इतके लाल असायचे की देखरेखीवरच्या बाई जवळ येऊन पाठीवर हात ठेवायच्या, रडू नको म्हणायच्या. मी रडत नव्हते. मला पेपर सोपा जात होता.

मग खाणीतलं काम सुटलं आणि आम्ही बालाघाटला आलो. बाबांना एका राइस मिलवर चौकीदारी मिळाली, मिलच्या आवारातच एक खोली मिळाली आणि धानाचा भुसा फुकट मिळाला. त्यामुळे लाकडाचा धूर जाऊन भुशाचा आला, तो जास्त खोकवणारा. त्या धुरात मी बी.ए. केलं. आईकडून किंवा बापाकडून, आमच्या खानदानात त्याआधी कोणी कॉलेजचा दरवाजा आतून पाहिला नव्हता. हे मी सांगते तेव्हा काही लोकांना वाटतं की मिरवते. मिरवतेच.

माझा निकाल लागला त्याच महिन्यात, कित्येक वर्षांपासून अडकलेला आमच्या गॅसचा नंबरही लागला. नव्वदच्या दशकात गॅस घरी येणं ही काही लहान गोष्ट नव्हती. मायनं एका कोनाड्यात माझी मार्कशीट ठेवली, खाली सिलिंडर ठेवलं, आणि दोघांना एकाच बोटानं हळद-कुंकू लावलं. मार्कशीटवरचा डाग अजून आहे.

पुढच्या वर्षी मला शिक्षाकर्मीची, म्हणजे कंत्राटी मास्तरणीची, ऑर्डर आली. बिरशाकडच्या एका गावची शाळा, आणि बिरशाच्या जनपद ऑफिसात, म्हणजे तालुका पंचायतीत, अमुक तारखेपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. ऑर्डर हिंदीत होती, मी ती वाचून दाखवली. तरी बाबांनी ती मिलच्या मुनीमजींकडून परत वाचून घेतली. घरच्या माणसानं वाचलेलं त्यांना अजून पक्कं वाटत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बसनं जाऊन सही करून यायची, इतकं सोपं काम होतं. पण पितृपक्ष सुरू होता. माय म्हणाली, पितरपाखात पोरगी घराबाहेर पाठवत नाहीत. मी म्हटलं, ते लग्न झालेल्या पोरीचं, मी नोकरीला चालले. माय म्हणाली, जाऊन तर राहिलीस ना.

इथेच सगळी भानगड होती. आमच्या घरातून आजपर्यंत जी पोरगी सामान घेऊन गेली ती सासरीच गेली. नोकरीसाठी पोरगी पाठवायची कशी, हे कोणालाच माहीत नव्हतं. विचारायचं कोणाला? म्हणून त्यांना जी एक पद्धत येत होती तीच त्यांनी लावली. माझ्यासाठी ट्रंक आली, गादी शिवली गेली, पाय धुवायचा पितळी कोपर-तांब्या आला. शेजारच्या बायांनी ओटी भरली. अमावस्या संपल्यावर पहिला चांगला दिवस निघाला, आणि तोच ऑर्डरवरचा शेवटचा दिवस होता.

त्याच्या आदल्या संध्याकाळी मायनं सांगून टाकलं, की सिलिंडर पोरीसोबत जाईल. आंदण म्हणून.

"अन् तू?" बाबा म्हणाले.

"भुसा हाय ना मिलचा," ती म्हणाली. "मी जन्म काढला धुरात. तिनं काहून काढायचा?"

आता प्रश्न फक्त गाडीचा उरला.

माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, खास या पाठवणीसाठी तिरोडीहून आले होते. त्यांचं म्हणणं होतं की बैहरच्या जंगलातून बिरशाला जायला जीपच पाहिजे. डिझेलची जीप. ती जंगलात बंद पडत नाही, पडली तर कोणालाही दुरुस्त करता येते आणि तिच्यात बिडी पिता येते. बाबांना जीप नको होती. जीपमध्ये आधीच बकऱ्या असतात, कोंबड्या असतात, माणसं टपावर असतात. ग्रॅज्युएट पोरीची पाठवणी बकऱ्यांमध्ये बसून? बाबांनी बसस्टँडवर एक व्हॅन पाहून ठेवली होती. पांढरी, पडदे लावलेली, आणि पेट्रोल व गॅस अशी दोन्हीवर चालणारी. असली गाडी तेव्हा आमच्याकडे नवी होती. लोक उभं राहून बघायचे.

व्हॅनचा ड्रायव्हर तीच गाडी घेऊन संध्याकाळी मिलच्या फाटकात आला. खोलीसमोर पंचायत बसली. ड्रायव्हर पान खात सांगू लागला, की सुरू पेट्रोलवर होते, मग एक खटका दाबला की गॅसवर जाते. पेट्रोल संपलं तर गॅस, गॅस संपला तर पेट्रोल. ही गाडी थांबूच शकत नाही. त्यात आपलं स्वतःचं सिलिंडर लावलं तर भाड्यात सूट. घरचं सिलिंडर तसंही चाललंच आहे, मग ते बसून काहून जाईल, कामाला लावू.

"अन् दोन्ही संपलं तं?" मोठेबाबांनी विचारलं.

"दोन्ही एका टायमाले कसं संपन, बावा," ड्रायव्हर हसला.

बाबांना दुसरीच काळजी होती. आंदणाचं सिलिंडर रस्त्यात वापरलं, तर ते उष्टं झालं. पोरीला उष्टं आंदण कसं द्यायचं? ड्रायव्हरनं शपथ घेतली की एवढ्या रस्त्यात जेमतेम चार कप चहाचा गॅस लागेल. 

मायचं मत मात्र कोणाला कळत नव्हतं, कारण मोठेबाबा समोर बसले होते. ते तिचे भासरे. आमच्याकडे भासऱ्याशी बोलत नाहीत. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर डोक्यावरचा पदर ओढून माझ्याकडे पाहून सांगायची, आणि मी त्यांना सांगायची, जरी ते हातभर अंतरावर बसून सगळं ऐकत असले तरी. तसंच तिनं आताही सांगितलं, की जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात. भासऱ्याला खेटून बसणं तिच्यानं होणार नाही. 

"सांग तिले, मी टपावर बसीन," मोठेबाबा मला म्हणाले.

शेवटी बाबा म्हणाले, तू शिकलेली आहेस, तू सांग.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. इंजिनाबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते पुढे असतं. पण शिकलेल्या माणसाला विचारलं तर त्यानं उत्तर द्यायलाच पाहिजे, असं मला तेव्हा वाटायचं. मी विचार केला आणि सांगितलं, की एका आधारापेक्षा दोन आधार केव्हाही बरे, व्हॅन करा. बाबांनी मोठेबाबांकडे असं पाहिलं, जसं मी हायकोर्टाचा निकाल दिला.

सकाळी व्हॅन आली. ड्रायव्हरनं मागच्या दोन समोरासमोरच्या बाकड्यांच्या मधोमध सिलिंडर उभं करून लोखंडी पट्ट्यानं आवळलं, नळी जोडली. मायनं बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून आणि नजर लागू नये म्हणूनही त्याला आपली जुनी हिरवी साडी गुंडाळली. एका बाजूला मी आणि माय, दुसऱ्या बाजूला मोठेबाबा आणि ट्रंक, मधे साडी नेसलेलं सिलिंडर. त्याच्या आडोशानं मायला पदरही ओढावा लागत नव्हता. बाबा पुढे ड्रायव्हरजवळ. गाडीला हार, बोनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. निघताना मायनं बजावलं, पाठवणीची पोरगी मुक्कामाला पोचेपर्यंत पाय खाली टेकत नाही.

गाव सुटलं तशी मोठेबाबांनी बिडी काढली. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि गाडीच थांबवली. गॅसच्या गाडीत बिडी चालत नाही. मग मोठेबाबा उतरले, शेतात लांब गेले, बिडी पिऊन आले. पुढे थोड्या वेळानं पुन्हा तेच. बिडीशिवाय त्यांचं पोट दुखायचं. दर वेळी परत येऊन बसताना ते सिलिंडरकडे पाहून म्हणायचे, "जीपमंधी बकरी बसते, तिले कोणी काही म्हणत नाई. मलेच उतरवते ही बया." ऊन चढत होतं. मी मांडीवर सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन बसले होते आणि मनात एकच, ऑफिस बंद व्हायच्या आत पोचलो नाही तर हे बी.ए. पुन्हा कोनाड्यात जाईल.

जंगलाच्या नाक्यावर बांबू आडवा होता. नाकेदार पडदा सारून आत डोकावला. त्याला चोरीचं लाकूड शोधायचं असतं.

"इसमें क्या है? लकड़ी तो नहीं?" त्यानं साडीकडे बोट केलं.

"लकडी नाई, भैया," माय म्हणाली, "लकडीच्या धुरातून पोरगी सुटो म्हणूनच तर नेऊन राह्यलो."

त्याला काय समजलं देव जाणे. त्यानं साडीचा पदर थोडा वर केला, लाल सिलिंडर पाहिलं, परत नीट खाली केला, जसा एखाद्या नव्या नवरीचा करतात, आणि बांबू वर केला.

घाट लागला आणि गाडी धापा टाकू लागली. ड्रायव्हर म्हणाला, गॅस चढावर ओढत नाही, पेट्रोलवर घेतो. खटका दाबला. गाडी जोरात चार वळणं चढली आणि थांबली. पेट्रोल संपलं होतं. बाबांनी विचारलं, टाकी भरली नव्हती का. तेव्हा कळलं, की पेट्रोल तो फक्त सुरू करण्यापुरतं ठेवतो. टाकी भरायची तर मग गॅस लावण्याचा फायदा काय?

मोठेबाबा उतरले आणि सिलिंडरपासून लांब उभं राहायला मिळाल्याचा फायदा घेऊन त्यांनी बिडी पेटवली.

उतरावर थोडं मागे सोडून ड्रायव्हरनं कशीबशी गॅसवर सुरू केली. पण रिकामीच चढेल म्हणाला. म्हणून सगळे उतरले. मी उठले तशी मायनं हात धरला, तू नाही. पाय टेकवायचा नाही. मग अशी वरात निघाली: पुढे हार घातलेली व्हॅन, माणूस चालेल त्याच्याही हळू, आत मी आणि हिरव्या साडीतलं सिलिंडर, मागे बाबा, त्यांच्यामागे मोठेबाबा, आणि मर्यादा म्हणून बरंच अंतर राखून माय. चढण तीव्र झाली की ड्रायव्हर आतून ओरडायचा आणि बाबा मागून ढकलायचे.

घाटमाथ्यावरच्या वस्तीतल्या बाया धावत रस्त्यावर आल्या. त्यांनी हार पाहिला, लोक पाहिले. एकीनं पडदा सारला, मला पाहिलं, साडीतल्या दुसरीला पाहिलं, आणि जरा गोंधळली.

"दूल्हा कहाँ है?" तिनं मायला विचारलं.

"दूल्हा नाई, बाई," माय दम खात म्हणाली. "नौकरी हाय."

बायांनी आपसात बोलून घेतलं. त्यांना ते पटलं असावं. एकीनं घरातून मूठभर तांदूळ आणले, माझ्यावर टाकले आणि राहून जाऊ नये म्हणून सिलिंडरवरही टाकले.

उतरावर गाडी आपोआप धावली आणि ड्रायव्हर पुन्हा गाडीची तारीफ करू लागला. बैहरला पंपावर थांबलो तर पंपावर पाटी, पेट्रोल नाही. मग गॅसवरच पुढे. ड्रायव्हर मधेच मागे वळून सिलिंडर हलवून पाहायचा आणि म्हणायचा, हाय अजून. बाबा पुढे बसून प्रत्येक वेळी डोळे मिटायचे. त्यांचं आंदण जळत होतं. मी सूर्याकडे पाहायचं बंद केलं.

बिरसा दिसलं. बाजार दिसला, बाजाराच्या टोकाला जनपद ऑफिसची पिवळी इमारतही दिसली. आणि गाडीनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि उभी राहिली. ड्रायव्हरनं खटका इकडे केला, तिकडे केला. मग तो सीटवर मागे टेकला.

मोठेबाबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "दोन्ही एका टायमाले," ते म्हणाले.

मी पिशवी घेऊन उठले. ऑफिस समोर दिसत होतं. चालत गेले असते तर पोचायला असा कितीसा वेळ लागला असता! हे सगळ्यांना कळत होतं. पण मायनं दाराला हात लावला आणि मला आत दाबलं. इतक्या लांब पोरीचा पाय खाली टेकू दिला नव्हता, आता दारात येऊन टेकवू? बाबा मागून ढकलू लागले. ड्रायव्हर ढकलू लागला. गाडी हलेना. मोठेबाबा बाजूला उभे, बिडी हातात. जीप नाकारली म्हणून त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

तेव्हा मायनं मागे वळून पाहिलं. पदर ओढला नाही. माझ्याकडे पाहून नाही, सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, ढकला ना. पोरीची वेळ चुकून राह्यली."

बाबा ढकलायचे थांबले. भर बाजारात, इतक्या वर्षांनी, तिच्या भासऱ्याशी तिचे हे पहिले शब्द.

मोठेबाबांनी बिडी टाकली. आधी पायानं विझवली, सिलिंडर रिकामं झालं होतं तरी. मग मला म्हणाले, "सांग तिले, ढकलतो म्हणा." आणि खांदा लावला. मायनंही लावला, त्यांच्याच बाजूला.

गाडी चालली. बाजारातले लोक उठून उभे राहिले, मागे मागे येऊ लागले. कोणी हातही लावला. जनपद ऑफिसच्या पायरीवर तिथले कारकून बाबूजी कुलूप हातात घेऊन उभे होते. त्यांनी दार ओढून घेतलं होतं, पण कुलूप लावलं नव्हतं, कारण ढकलत आणलेली वरात आपल्या ऑफिसकडे का येते आहे, हे कळल्याशिवाय त्यांच्यानं घरी जाववत नव्हतं. हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितलं. रोज ते याच्या आधीच निघून जायचे. 

गाडी पायरीला लागली. मी उतरले. उजवा पाय आधी, मायनं सांगितल्याप्रमाणे. बाबूजींनी विचारलं, कोणाचं लग्न. मी ऑर्डर पुढे केली.

त्यांनी दार परत उघडलं. साहेब मागच्या दारानं निघाले होते, त्यांना परत बोलावलं. मी सही केली. साहेब सज्जन माणूस. एवढे लोक आलेले पाहून त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. बाबांनी कप घेतला नाही. मोठेबाबांनीही नाही. साहेबांना वाटलं काही चुकलं. त्यांनी पुन्हा आग्रह केला.

"नाई, साहेब," बाबा हात जोडून म्हणाले, "पोरीच्या घरचं पाणी आम्ही पेत नाई."

"अरे, ये तो सरकारी दफ़्तर है," साहेब म्हणाले.

"हौ," बाबा म्हणाले. "आता तिचंच घर झालं."

साहेबांनीही आपला कप खाली ठेवला. चहा बाजारातून आलेल्या लोकांनी प्यायला.

परत जाताना माझी माणसं जीपनं गेली. बकऱ्या होत्याच. मोठेबाबा टपावर बसले, बिडी पेटवून, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. माय आत दोन अनोळखी बायांच्या मधे दाबून बसली. व्हॅन तिथेच राहिली. ड्रायव्हर पेट्रोलचा डबा घेऊन कोणाच्या तरी सायकलवर गेला होता.

मोठेबाबा जिवंत होते तोपर्यंत म्हणायचे, जीप केली असती तर दुपारीच पोचलो असतो. बरोबर आहे. पण माझंही चुकलं होतं असं मी कधी म्हटलं नाही. दुपारी पोचलो असतो, तर मायनं त्यांना भाऊजी म्हटलं नसतं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायला लागली. फार नाही, भाजी वाढू का, एवढंच. पण माझ्यामार्फत नाही.

आता सिलिंडरचं. ते रिकामं होतं, आणि बिरशात तेव्हा गॅस भरून मिळत नव्हता. ते बालाघाटलाच न्यावं लागे, आणि न्यायला वेळ नव्हता. त्यामुळे मी माझ्या खोलीत तीन दगडांची चूल पेटवली. तिकडे मायकडे सिलिंडर नव्हतं, म्हणून ती भुशावर. घरात गॅस आल्यापासून आमच्या खानदानात एकाऐवजी दोन चुली पेटू लागल्या. शाळेतली पोरं विचारायची, बाईजी, आप रो रही थीं क्या? मी म्हणायची, नहीं, रोटी बना रही थी.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते सिलिंडर जीपच्या टपावर टाकून बालाघाटला नेलं, भरलं, आणि मायच्याच खोलीत शेगडीला जोडून आले. तिनं खूप नको म्हटलं. मी म्हटलं, मला माझ्या नावाचा वेगळा नंबर लावायचा आहे. लावला.

तो लागला. मी आज त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे.